डागाळलेला ड्राय रॉक मरीन टँकसाठी तयार करताना: ब्लीच, ॲसिड आणि त्यांच्या मधलं धुणं

मरीन टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आणि ड्राय रॉक म्हणजे त्यात रचायचा वाळलेला, सच्छिद्र, कार्बोनेटचा दगड. टँक मोडणाऱ्यांकडून तो स्वस्तात मिळतो आणि बहुतेक वेळा तो तपकिरी, हिरवट नाहीतर काळपट असतो. नवखा माणूस मग दोनपैकी एक करतो. नळाखाली खळखळून धुऊन तसाच टँकात ठेवतो, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणून सगळा रॉक तीत बुडवतो. पहिल्या प्रकारात रॉकमध्ये मेलेलं शेवाळ, स्पंज आणि गाळ पाण्यात कुजत राहतो आणि टँक महिनोन् महिने शेवाळाने भरलेला राहतो. दुसऱ्या प्रकारात वरचा थर विरघळून रॉक पांढराफेक होतो, पण छिद्रांतली घाण जागच्या जागी असते. ॲसिड कार्बोनेट खातं, कुजकट मांस खात नाही. म्हणून डाग कशाचा आहे ते आधी ओळखायचं आणि मग रसायन निवडायचं.

खाली दिलेली मापं साधारण १० किलो रॉकसाठी आहेत. १०० लिटरच्या आसपासच्या टँकला एवढा रॉक पुरतो.

१. घेण्याआधी चौकशी

विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: या टँकात कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि वेल्व्हेट या रोगांवर तांब्याची औषधं सर्रास वापरतात. रॉक ते तांबं शोषतो आणि नंतर थोडं थोडं सोडतो. माशांना त्याचं फारसं काही होत नाही, पण कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मरतात. हे डोळ्यांना दिसत नाही आणि कुठल्याही धुण्याने खात्रीने जात नाही. उत्तर 'हो' किंवा 'आठवत नाही' असेल तर तो रॉक फक्त माशांच्या टँकसाठी घ्या, नाहीतर सोडून द्या.

दुसरा प्रश्न: यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणासारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव) होते का? यांतल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं आणि ते उष्णतेनेही सहजी मोडत नाही. रॉक कधीही उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, प्रेशर वॉशरने मारू नका. वाफेतून किंवा उडणाऱ्या तुषारांतून हे विष श्वासात जाऊन घरची सगळी माणसं इस्पितळात पोचल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. 'उकळून घ्या, सगळं मरतं' हा सल्ला अजूनही फिरत असतो. तो देणाऱ्याचं पुढचं काहीही ऐकू नका.

तिसरी गोष्ट कागदाची. भारतात रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा लक्षद्वीपच्या सहलीतून 'मेलेलाच तर आहे' म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही त्यात येतो. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कारखान्यात बनवलेला किंवा रीतसर आयात केलेला रॉकच घ्या आणि त्याचं बिल जपून ठेवा. जुना रॉक घेत असाल तर मूळ मालकाकडून बिलाची प्रत मागून घ्या.

२. डाग ओळखा

ही पायरी बहुतेकजण टाळतात आणि सगळा घोळ इथेच होतो.

हिरवा किंवा तपकिरी, पापुद्र्यासारखा निघणारा थर हे वाळलेलं शेवाळ असतं. ब्लीचने सहज जातं.

छिद्रांत अडकलेले करडे-काळे, चामड्यासारखे किंवा कुरकुरीत तुकडे म्हणजे मेलेला स्पंज आणि किडे. हेही सेंद्रियच, पण खोलवर असतं, त्यामुळे ब्लीचला वेळ द्यावा लागतो. रॉक दोन दिवस पाण्यात बुडवून झाकण लावून ठेवा. झाकण उघडल्यावर नाकाला जे कळतं ते कुठलीही टेस्ट किट सांगत नाही.

रॉकचा वाळूत गाडलेला भाग काळा असेल आणि ओला असताना सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तो आयर्न सल्फाइड असू शकतो. हवेत किंवा ब्लीचमध्ये तो काळा रंग जाऊन नारिंगी-तपकिरी होतो. घाबरू नका, सल्फाइडचा गंज झालेला असतो. मात्र अशा रॉकवर थेट ॲसिड ओतलं तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

गंजाच्या रंगाचा, ओघळासारखा डाग लोखंडाचा. बोअरिंगच्या पाण्यात ठेवलेल्या रॉकवर तो हमखास दिसतो. कधी पंपाच्या फुटलेल्या चुंबकाचा किंवा गंजक्या स्क्रूचा तुकडाच आत अडकलेला असतो. फटीत बॅटरी मारून बघा, एक छोटं चुंबक सगळीकडून फिरवा. लोखंडाच्या डागावर ब्लीच चालत नाही, उलट तो जास्त उठून दिसतो.

गुलाबी-जांभळे खडबडीत ठिपके म्हणजे कोरलाइन शेवाळाचा कवचासारखा थर. तो मेला की पांढरा पडतो. त्याला काहीही करायची गरज नाही. आणि संपूर्ण रॉक एकसारखा जांभळा असेल तर तो बहुधा रंगवलेला कृत्रिम रॉक आहे. त्याचा रंग घालवत बसू नका.

शंका असेल तिथे दोन छोट्या चाचण्या करा. कापसाचा बोळा ब्लीचमध्ये बुडवून डागावर दहा मिनिटं ठेवा. फिका पडला तर डाग सेंद्रिय, तसाच राहिला तर खनिज. ती जागा नीट धुऊन, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच ठिकाणी ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. अजिबात फसफसलं नाही तर तो दगड दुसराच काही आहे. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट ॲसिडला दाद देत नाही, आणि 'लाव्हा रॉक' म्हणून काहीही विकलं जातं.

३. सामान

- ६० लिटरचा झाकणाचा प्लास्टिक ड्रम एक, ४० लिटरचे टब दोन. लोखंडी घमेलं किंवा पत्र्याची बादली नको.
- नायलॉनचा कपडे धुण्याचा ब्रश, जुने टूथब्रश, बांबूच्या काड्या. तारेचा ब्रश अजिबात नको: त्याच्या तारा तुटून छिद्रांत राहतात, लोखंडी असेल तर गंज आणि पितळी असेल तर तांबं टँकात जातं.
- बिनवासाचं, बिनसाबणाचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. घरगुती बाटलीत साधारण ४ ते ५ टक्के असतं, केमिकलच्या दुकानातल्या कॅनमध्ये १० टक्क्यांच्या आसपास.
- हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. मत्स्यालयाच्या दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळतात.
- क्लोरीनची ओटी टेस्ट. गावोगावी नळपाणी योजनेवर वापरतात तीच काचेची नळी आणि थेंब.
- पावरहेड (पाणी फिरवणारा छोटा, बुडवायचा पंप), रबरी हातमोजे, चष्मा, मास्क.
- आरओ पाणी, टीडीएस शून्याच्या जवळचं. पिण्याच्या आरओला मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर लावलेला असेल तर ते पाणी चालणार नाही.
- सी सॉल्ट, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याची क्षारता मोजायला), अमोनिया आणि फॉस्फेटची किट.
- हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा, फक्त लागलं तर.

ब्लीचऐवजी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) वापरू का, असा प्रश्न नेहमी येतो. नको. तिच्यात चुना असतो, तो विरघळत नाही आणि गाळ होऊन छिद्रांत जाऊन बसतो. डिटर्जंट आणि निळं टॉयलेट क्लीनरही नको. त्यातला साबण सच्छिद्र रॉकमधून पूर्ण निघत नाही आणि नंतर स्किमर (फेसातून टँकातली घाण काढणारं यंत्र) फेसाने ओसंडतो.

४. घासणं

रॉक आधी ओला करा, मगच घासा. कोरडा घासला की धूळ नाकात जाते आणि त्या धुळीत काय आहे ते माहीत नसतं. मोकळा गाळ बादलीत हलवून काढा, पाणी बदला, पुन्हा हलवा. सुटे पापुद्रे, मेलेल्या नळ्यांचे किडे आणि जुनी एपॉक्सी काडीने उपटा. या पायरीवर अर्धा तास जास्त गेला तर पुढे ब्लीच निम्मं लागतं, कारण ब्लीच समोर येईल त्या घाणीवर खर्च होत जातं.

५. ब्लीचमध्ये भिजवणं

ड्रममध्ये रॉक रचा. मोठे तुकडे खाली, सपाट बाजू एकमेकींना चिकटू देऊ नका. रॉक बुडेल इतकं नळाचं पाणी भरा, १० किलोला साधारण २० लिटर लागतं. त्यात घरगुती ब्लीच २ लिटर घाला. कॅनमधलं १० टक्क्यांचं असेल तर १ लिटर पुरे. पावरहेड लावा. पाणी स्थिर राहिलं तर छिद्रांतलं ब्लीच काही तासांतच संपतं आणि बाहेरचं तसंच राहतं.

ड्रम सावलीत ठेवा, कारण उन्हात हायपोक्लोराइट भराभर मोडतं. झाकण सैल ठेवा, घट्ट लावू नका.

पहिल्या २४ तासांत पाणी पिवळट-तपकिरी होईल, वर फेस येईल. क्लोरीनचा वास गेला असेल तर ब्लीच संपलंय आणि घाण अजून शिल्लक आहे. ते पाणी ओतून द्या आणि त्याच मापाने दुसरा हात द्या. जुना, शेवाळाने भरलेला रॉक दोन-तीन हात मागतो. ४८ तासांनंतरही पाणी स्वच्छ आहे आणि वास टिकून आहे, असं झालं की थांबा.

जुनं पाणी ओतून द्यायचं, त्यातच ब्लीच वाढवत जायचं नाही. ब्लीच सेंद्रिय घाण जाळतं तेव्हा तिच्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खतच, पाण्यात सुटतं. पाणी तेच राहिलं तर ते फॉस्फेट परत रॉकच्या पृष्ठभागावर चिकटतं.

ब्लीच चालू असताना ड्रममध्ये दुसरं काहीही घालायचं नाही. ॲसिड, व्हिनेगर, लिंबूसत्त्व यांपैकी काहीही पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाचं क्लीनर पडलं तर क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये हे जीवावर बेतू शकतं.

ब्लीचचं वापरलेलं पाणी उघड्या टबात दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि मग भरपूर पाण्याबरोबर सोडा. कुंड्यांना घालू नका.

६. क्लोरीन काढणं आणि वाळवणं

रॉक तीन वेळा ताज्या पाण्यातून काढा. चौथ्यांदा २० लिटर पाण्यात हायपोचे खडे एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम विरघळवा आणि पावरहेड लावून रात्रभर ठेवा. सकाळी ते पाणी ओता, साधं पाणी भरा, पुन्हा एक पूर्ण दिवस थांबा आणि मग ओटी टेस्ट करा. लगेच केलेली टेस्ट फसवते: बाहेरचं पाणी स्वच्छ असतं, खोल छिद्रांतून क्लोरीन झिरपायला वेळ लागतो. नळीतलं पाणी किंचितही पिवळं झालं तर हायपोचा हात पुन्हा. नळाच्या पाण्यात मुळातच थोडा क्लोरीन असतो, म्हणून ही शेवटची टेस्ट आरओ पाण्यात करा, नाहीतर उगाच फेऱ्या मारत बसाल.

मग ऊन. ऑक्टोबर ते मेमध्ये गच्चीवर पाच ते सात दिवस, रोज तुकडे उलटून. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रॉक आतून वाळतच नाही. पंख्याखाली ठेवावा लागतो आणि दुप्पट वेळ धरावा लागतो. तुकडा वाळला की हातात लक्षात येण्याइतका हलका लागतो.

७. ॲसिड: गरज असेल तरच

बहुतेक रॉकला इथे थांबता येतं. ॲसिड दोनच कारणांसाठी: लोखंडाचा डाग, किंवा पृष्ठभागावर घट्ट बसलेलं फॉस्फेट. नुसता पांढरा दिसावा म्हणून करू नका.

हार्डवेअरमध्ये मिळणारं ॲसिड साधारण ३० ते ३३ टक्क्यांचं असतं. हिशोब असा: त्याचं एक लिटर सुमारे अर्धा किलो रॉक विरघळवतं. म्हणजे १० किलोमध्ये एका लिटरला पाच टक्के माल गटारात. बारीक फांद्यांचे सुंदर आकार आधी जातात. व्हिनेगर सौम्य म्हणून सुचवलं जातं. ४ टक्क्यांचं एक लिटर जेमतेम ३०-३५ ग्रॅम विरघळवतं, तेव्हा एवढ्या रॉकला ते किती लागेल ते बघा. लिंबूसत्त्वाने रॉकवर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा थर बसू शकतो. गंज काढायचं ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे आणि त्याचंही न विरघळणारं ऑक्झॅलेट तयार होतं, ते टाळाच.

ओटी टेस्ट कोरी आल्याशिवाय ॲसिडची बाटली उघडायची नाही. ब्लीचचा तोच टबही न धुता वापरायचा नाही.

काम उघड्यावर करा आणि खालची फरशी बघा. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचेच दगड आहेत. ज्या ॲसिडने रॉक फसफसतो त्यानेच सोसायटीच्या गच्चीवर कायमचे पांढरे डाग पडतात. खाली दुसरा मोठा टब ठेवा. आजूबाजूला सायकल, एसीचं बाहेरचं युनिट, स्टीलची भांडी असतील तर हलवा, ॲसिडच्या वाफेने सगळं गंजतं.

२० लिटर पाणी आधी घ्या, त्यात अर्धा लिटर ॲसिड हळूहळू सोडा. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. रॉक एकेक तुकडा करून बुडवा. एकदम सगळा टाकला तर फेस काठावरून येतो. पाच ते दहा मिनिटं जोरात फसफसेल. फेस मंदावायला लागला की रॉक बाहेर काढा, पूर्ण थांबायची वाट बघू नका. ॲसिड संपत आलं की पीएच चढतो आणि विरघळलेलं फॉस्फेट कॅल्शियमशी जुळून पुन्हा रॉकवरच बसू शकतं. काढलेला रॉक लगेच ताज्या पाण्यात खंगाळा आणि ब्रश मारा, गंजाचा सैल झालेला थर तेव्हाच निघतो. डाग उरला तर नवीन पाण्यात आणखी अर्धा लिटर. तिसऱ्यांदा करावंसं वाटलं तर डाग खोल आहे. तो तुकडा रचनेत खाली किंवा मागे ठेवा आणि विषय सोडा.

उरलेल्या पाण्यात फेस यायचा थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घाला आणि मग ओता. त्या दिवशी त्या मोरीत ब्लीच टाकलेलं नाही ना, याची घरात चौकशी करून ओता.

८. खाऱ्या पाण्यात मुरवणं आणि फॉस्फेट तपासणं

धुतलेला रॉक थेट टँकात नको. ड्रममध्ये आरओ पाण्यात सी सॉल्ट मिसळून क्षारता ३५ पीपीटी करा, तापमान २५ ते २७ अंश, पावरहेड चालू, प्रकाश बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात हीटर लागत नाही. ड्रम ३० अंशांवर जाऊ नये एवढंच बघा.

आठवड्याने फॉस्फेट मोजा. गोड्या पाण्यात मोजून उपयोग नाही, खाऱ्या पाण्यात कार्बोनेटवरचं फॉस्फेट जास्त सुटतं. ०.१ पीपीएमच्या खाली असेल तर ठीक. जास्त असेल तर पूर्ण पाणी बदला आणि पुन्हा आठवडाभर थांबा. आकडा दर आठवड्याला तिथेच परत येत असेल तर फॉस्फेट धरून ठेवणारं लॅन्थेनम क्लोराइड किंवा फेरिक ऑक्साइडचे दाणे वापरा. लॅन्थेनम फक्त याच ड्रममध्ये, मासे असलेल्या टँकात नाही. त्याचा दुधाळ गाळ बारीक फिल्टर सॉकने गाळून घ्या.

फॉस्फेट आटोक्यात आलं की अमोनिया पचवणारे जिवाणू वसवायचे. अमोनिया २ पीपीएम होईल इतकं अमोनियम क्लोराइड घाला. ५० लिटरला साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. अमोनियम क्लोराइड म्हणजेच नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नवसागर नको, त्यात इतर धातू असू शकतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. सोबत बाटलीतले जिवाणू किंवा ओळखीच्या निरोगी टँकातला मूठभर लाइव्ह रॉकचा चुरा घाला. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य येतं, तेव्हा रॉक तयार. याला चार ते आठ आठवडे लागतात. या काळात पाण्याला वास सुटला किंवा काहीही न घालता अमोनिया चढला, तर आत सेंद्रिय घाण उरलेली आहे. रॉक परत पाचव्या पायरीवर न्या, रडतखडत पुढे ढकलू नका.

९. टँकात गेल्यावर

दिवे लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरा रॉक पुन्हा तपकिरी होईल. तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा थर आहे, जुना डाग नाही. नव्या रॉकवर आणि वाळूवर तो येतोच आणि सिलिकेट संपलं की ओसरतो. या टप्प्यावर घाबरून रॉक बाहेर काढून ब्लीच केलं तर आठ आठवडे वसवलेले जिवाणू मरतात आणि अमोनियाचा हिशोब पहिल्यापासून. टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या लांब पिचकारीने) फुंकर मारा, आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, प्रकाश सहा तासांवर आणा. डायटम ओसरल्यावरही हिरवं, केसाळ शेवाळ वाढत राहिलं तर फॉस्फेट मोजा. तेव्हा बहुधा एखादाच तुकडा दोषी असतो. ज्या तुकड्यावर शेवाळ सगळ्यात दाट आहे तो काढून वेगळ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात आठवडाभर ठेवा आणि त्या पाण्याचं फॉस्फेट बघा. आकडा चढला तर तेवढाच तुकडा बदला.